हिनेच दाबायचं बटण

पाठीच्या कण्यात बारीक नळी बसली आणि थोड्याच वेळात लेकीचा चेहरा निवळला. मघाशी बाळंतकळांनी आईचा हात पिरगाळणारी पोर आता थट्टेवर आली.

"हे मागच्या खेपेला कळलं असतं ना, तर एव्हाना चार झाली असती!"

"आधी ही तर होऊ दे, बाई," आई म्हणाली.

नळी पंपाला जोडलेली होती आणि पंपाला एक बटण होतं. कळ जाणवली की दाबायचं, औषध आत जातं. सिस्टरने ते लेकीच्या मुठीत दिलं आणि आईला बजावलं, "हे हिनेच दाबायचं, मावशी. तुम्ही नाही, जावयांनीही नाही. मागचं सिझेरियन आहे. जुन्या टाक्यापाशी, कळ नसतानाही दुखत राहिलं, तर ते मला कळायला हवं."

"हो हो," आई म्हणाली. लेकीला दुखणार नाही, एवढंच तिच्या कानात शिरलं होतं.

दुपारी लेकीचा डोळा लागला. बटण मुठीतून चादरीवर घसरलं. मग ती झोपेतच कण्हली, हात ओटीपोटाकडे गेला. आईच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला 'ओरडू नकोस' याखेरीज कुणी काही दिलं नव्हतं. तिने बटण दाबलं. लेकीच्या कपाळावरची आठी मोडली. काही वेळाने पुन्हा कण्हणं, पुन्हा बटण. मग लेक अशी गाढ झोपली की आईच्याच जिवात जीव आला.

सिस्टर आली. पोटावर हात ठेवून तिने लेकीला हलवलं. "टाक्यापाशी दुखतंय का गं?"

लेकीने अर्धवट झोपेत मान नकारार्थी हलवली.

सिस्टरचा हात मात्र पोटावरून निघेना. "कळ सरली तरी पोट सैल पडत नाहीये," ती पुटपुटली. मॉनिटरमधून येणारे बाळाचे ठोके दमलेल्या घोड्याच्या टापांसारखे मंदावत चालले होते.

आईने चादरीवरच्या बटणाकडे पाहिलं. सांगावं तर सिस्टर फाडून खाईल. जावयाच्या कानावर गेलं तर जन्मभर तोंड लपवावं लागेल.

"सिस्टर... दुखत होतं तिला. तिथेच. बटण मी दाबलं."

सिस्टर ओरडली नाही. तिने घंटा वाजवली, पायाने खाटेच्या चाकांचे ब्रेक सोडले आणि धावत आलेल्या डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "गर्भपिशवीचा जुना टाका उसवतोय बहुतेक."

खाट हलली तशी लेक पुरती जागी झाली. आईकडे बघून हसली.

"अगं, तोंड का पाडलंस? किती छान झोप लागली मला."