राजाच्या ताटाचा मान

राजाचं ताट भरलेलं परत यायचं आणि कुणाला कळू नये म्हणून माझा भाऊ दियाबे ते स्वतः संपवायचा. बाजरीचा घाटा आणि वर मध. राजा आत सुकत होता आणि त्याचा आचारी फुगत होता.

“मरतोय का रे म्हातारा?” मी विचारलं.

“अक्का, हळू! जीभ आहे का कात्री?”

“देवराईत जाड तुळया आल्यात. कशाला, ते तुला ठाऊक आहे.”

आमच्याकडे राजा गेला की लाकडाचा घुमट उभारतात. त्यात राजा, त्याचे दागिने, त्याचे पेले. आणि त्याला जेवू घालणारी माणसंही, जिवंत. मग दार बंद करून वर माती लोटतात. लोक याला मान म्हणतात. डोंबलाचा मान!

पळून जावं तर वाटेवर जिथे-तिथे राजाची माणसं. एकच आसरा होता, मशिदींचं व्यापारी गाव. ते लोक वाळवंटातून मीठ आणतात, आमचं सोनं नेतात, म्हणून त्यांच्या धर्माच्या माणसाला पुजारी हात लावत नाहीत. तिथल्या हमदून व्यापाऱ्याकडे मी रांधायला जायची. दियाबेला ओढतच त्याच्या दारात नेलं.

कलमा म्हणताना दियाबे रडत होता. “अक्का, देवराईतला नाग कोपेल गं.”

“कोपू दे! नागाचं नंतर बघू. ही माणसं तुला आधी गिळतील.”

राजा गेला. हमदून म्हणाला, “लपलास तर संशय येईल. आमच्यात उभा राहा. उद्या तांड्याबरोबर उत्तरेला काढतो तुला.” मलाही ते पटलं. माझीच बुद्धी फिरली होती.

नवा राजा, म्हणजे मेलेल्याच्या बहिणीचा मुलगा, बाहेर आला. लाकडी नगारा वाजला. आमचे लोक राजापुढे गुडघे टेकून डोक्यावर माती घेतात. व्यापारी नुसत्या टाळ्या वाजवतात, त्यांना तेवढी सूट आहे. पांढऱ्या झग्यांच्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या.

आणि माझा भाऊ धपकन गुडघ्यांवर बसला. मूठभर माती डोक्यावर घेतली त्यानं. मिसरूड फुटायच्या आधीपासून रोज हेच करत आलेला माणूस. हातानं विचारलंच नाही त्याला.



“हा तर आपलाच!” पुजारी हसला. रागावला नाही तो, मायेनं दंडाला धरून उठवलं त्याला. हमदून खाली मान घालून टाळ्या वाजवत राहिला.

“अरे, तो त्यांच्या देवाचा झालाय! सोडा त्याला, मेल्यांनो!” मी गर्दी फाडत ओरडले.

दियाबेनं वळून पाहिलं. “अक्का, घरी जा,” एवढंच म्हणाला.

“ही कोण?” पुजाऱ्यानं विचारलं.

“त्याची बहीण,” कुणीतरी कौतुकानं सांगितलं. “हिच्याही हाताला चव आहे बरं का!”

पुजाऱ्यानं मला नीट न्याहाळलं. “छान. उद्यापासून नव्या राजाचं ताट हिच्याकडे.”

दियाबेला त्याच संध्याकाळी आत नेलं. मातीचा ढीग मी माझ्या डोळ्यांनी वाढताना पाहिला.

नवा राजा तरुण आहे. माझ्या भावावर माती लोटणाऱ्या या माणसाला मी तळहाताच्या फोडासारखी जपते. तो शिकारीला निघाला की परत येईपर्यंत मी वाटेवर डोळे लावून बसते.

काल तो घोड्यावरून पडला. वैद्य सकाळपासून त्याच्या खोलीत आहे, अजून बाहेर आलेला नाही.