आलं

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एका शब्दाची आहे, आणि शब्द इतका लहान की मागे बसणाऱ्याला कुणी नुसतं खाकरल्यासारखा वाटेल. तेवढा ऐकून घ्या, मग ज्याने त्याने आपापल्या घरी जावं.

चावीवाल्याने दुकानामागच्या बोळात सिगारेट पेटवली, दुसराच झुरका आत घेतला आणि शर्टाच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं पेंटरचं. चावीवाल्याने धूर छातीतच कोंडला, फोन कानाला लावला, मग तोंड वळवून धूर हळूच भिंतीकडे सोडला, जणू तो तारेतून पलीकडे पोचला असता.

"आलं," पेंटर म्हणाला.

"बस मग खाली. पाणी पी. घोटाघोटाने पी, गटागटा नको."

"बसलोय रे. शिडीच्या पायरीवरच बसलोय. पण आज जरा वेगळंच आहे."

"वेगळं काही नसतं. दरवेळी वेगळं वाटतं आणि दरवेळी तेच असतं. तूच शिकवलंस ना मला?"

"मीच शिकवलं," पेंटर हसला, आणि हसता हसता मध्येच थांबला. "जाईल ना?"

"जाईल."

"तू म्हणतोस तर जाईल." पलीकडे जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "तुझं कसं चाललंय?"

"माझं झकास. गिऱ्हाईक उभं आहे, ठेवू?"

"ठेव, ठेव. गिऱ्हाईक म्हणजे देव."

बोळात चावीवाल्याशिवाय कुणी नव्हतं. सिगारेट विझली होती. त्याने ती पुन्हा पेटवली.

आता हा शब्द कुठून आला ते सांगायला हवं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, औषधांच्या रिकाम्या खोक्यांशेजारी, खुर्च्या गोल मांडून दर आठवड्याला काही माणसं बसत. सगळी सिगारेट सोडायला निघालेली. त्यांना सांभाळणाऱ्या सिस्टर अंगाने बारीक आणि आवाजाने दणदणीत होत्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत गोळ्यांचं सगळं नीट समजावलं: पोटात काही असल्याशिवाय घ्यायची नाही, मळमळलं तर घाबरायचं नाही, स्वप्नं पडतील ती पडू द्यायची, आणि बरं वाटायला लागलं म्हणून मध्येच सोडायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. तोंड रिकामं राहू नये म्हणून खिशात आल्याचा तुकडा ठेवा, असंही सांगितलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी एकेकाला विचारलं, "मनात आलं का, ओढावंसं?"

पेंटरच्या कानात नेमकं "आलं का" एवढंच शिरलं. त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सिस्टरांपुढे धरली. "आलंय की! सोलून आणलंय. घेणार?"

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. त्या दिवसापासून त्या खोलीत तलफेला तलफ कुणी म्हटलं नाही. आलं म्हणजे आलं. जोड्या लावून दिलेल्या होत्या. ज्याला येईल त्याने जोडीदाराला फोन करायचा, तेवढा एक शब्द बोलायचा, आणि लाट ओसरेपर्यंत पलीकडच्याने बोलत राहायचं. कारण विचारायचं नाही, रागवायचं नाही.

चावीवाल्याच्या वाट्याला पेंटर आला. पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आयुष्यभर त्याने उजव्या हातात ब्रश आणि डाव्या हातात सिगारेट धरली होती. आता डाव्या हाताचं काय करावं हे त्याला समजेना, म्हणून तो त्या हाताची बोटं शिडीला टेकवून ठेवायचा.

"किती भिंतींवर 'धूम्रपान सक्त मनाई' लिहिलं असेल मी," तो सांगायचा. "'सक्त' लिहिताना हात थरथरू नये म्हणून आधी दोन झुरके मारायचे. पुसून बघ, त्या अक्षरांना अजून वास येईल."

चावीवाल्याला आलं आणि त्याने फोन केला, की पेंटर अक्षरांबद्दल बोलत सुटायचा. कुठलं अक्षर शिंप्याच्या दुकानाला शोभतं, कुठलं दवाखान्याला. 'ळ' काढताना मान कशी वाकडी होते. आणि शिरोरेषा नेहमी सगळ्यात शेवटी. "आधी रेघ मारणारे पोटभरू," तो म्हणायचा. "अक्षरं आधी आपल्या पायावर उभी राहू देत. मग वरून एक हात फिरवायचा, सगळ्यांवर एकसारखा. देव फिरवतो तसा." हे ऐकता ऐकता चावीवाल्याची कानस पुन्हा सरळ चालू लागे, आणि कोरी चावी दात धरू लागे.

गोळ्यांमुळे सिगारेटला पुठ्ठ्याची चव येऊ लागली. मग एका ठरवलेल्या सकाळी चावीवाल्याने सोडली आणि खरंच सुटली. फक्त स्वप्नं फार पडत. त्याच्यासमोर कुलपांचा ढीग असे आणि एकाही कुलपाला भोक नसे. पुढे त्याला इतकं बरं वाटू लागलं की त्याने मनाशी ठरवलं, आता गोळ्यांची काय गरज? कुणाला न सांगता त्याने त्या थांबवल्या. सिस्टरांनी दोनदा सांगितलेलं तेवढंच तो विसरला. मग एका दुपारी एक हट्टी कुलूप उघडलं, आणि त्या आनंदात त्याने एक ओढली. एकच. त्यानंतरची प्रत्येक एकच होती. खोलीत मात्र तो "झकास" म्हणत राहिला, आणि पेंटर त्याच्या पाठीवर थाप मारत राहिला.

त्या फोननंतर पेंटर शिडीच्या पायरीवर बराच वेळ बसून होता, असं ज्याची पाटी तो रंगवत होता त्या दुकानदाराने नंतर सांगितलं. त्याने पाणी प्यायलं, तोंडावर मारलं, "गेलं बघा," म्हणाला आणि पुन्हा वर चढला. शेवटचं अक्षर त्याने पुरं केलं. रेघ मारायला ब्रश बुडवला आणि तो खाली आला तो शिडीला धरून, घसरत. इस्पितळात न्यायला उशीर झाला होता. तो तिथे जेमतेम एक रात्र होता.

ही बातमी चावीवाल्याला सिस्टरांनी फोनवर दिली. तेव्हा तो एका बाईंना कपाटाची चावी करून देत होता. त्याने ती पुरी केली, घासली, तेल लावून दिली. बाई घरी गेल्या आणि परत आल्या. चावी लागत नव्हती.

पुढच्या बैठकीला पेंटरची बायको आली. तिने हिरवी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. पेंटरच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, म्हणून तीच बसली. सगळे पेंटरचे विनोद सांगत होते, आणि ती प्रत्येकाला मान डोलवत होती, घरी आलेल्या पाहुण्यांना डोलवावी तशी. आल्याचा किस्सा सांगायला सुरुवात झाली तेव्हा मात्र ती खाली बघू लागली.

"तुम्हीच ना चावीवाले?" उठताना तिने विचारलं. "छातीत कळ आली तेव्हा आधी तुम्हाला फोन केला होता यांनी. मला नंतर."

"वहिनी, मला वाटलं..."

"यांनाही तसंच वाटलं हो. सोडल्यापासून कुठे काही दुखलं, गुडघा दुखला तरी म्हणायचे, आलं वाटतं." ती किंचित हसली. "तुमच्याशी बोलून बरं वाटलं म्हणाले."

चावीवाल्याने हात पाठीमागे नेले. बोटांना वास होता.

"तुमचं कसं आहे?" सिस्टरांनी विचारलं. खोलीत सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. आज सांगावं, असं ठरवूनच तो जिना चढला होता. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते नेहमीचंच.

"ठीक आहे."

परतताना तो मुद्दाम त्या दुकानावरून गेला. पाटी तशीच होती. अक्षरं सुरेख, निळी, एकेकटी उभी होती, वर रेघ नव्हती. पावसात छपराविना उभ्या राहिलेल्या माणसांसारखी ती दिसत होती. दुकानदाराला विचारावंसं वाटलं, रेघ मारायला दुसऱ्या कुणाला बोलावणार का. त्याने विचारलं नाही.

दुपारी तो बोळात गेला. सिगारेट ओठांत धरली, काडी काढली, आणि काडी हातातच राहिली. दुसऱ्या हाताने त्याने फोन काढला आणि सवयीने नंबर लावला. बंद असेल, हे त्याला माहीत होतं. नुसतं बंद आहे असं सांगणारं ऐकू आलं तरी तेवढा वेळ जाईल, असा काहीसा हिशेब होता.

घंटी वाजली. दुसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी उचललं.

"आलं का?" पेंटरची बायको म्हणाली.

चावीवाल्याने ओठांतली सिगारेट काढली. पलीकडे ती थांबली होती. तिला घाई नव्हती.

"आलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "वहिनी, त्या दिवशीही... त्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात होती. म्हणून घाईने ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं कुणी. गोळ्याही मी कधीच सोडल्यात."

"माहीत आहे."

"काय?"

"यांना ऐकू आलं होतं, तुम्ही धूर सोडलात ते. चाळीस वर्षं तोच आवाज काढला होता त्यांनी, त्यांच्यापासून काय लपणार! इस्पितळात मला म्हणाले, माझा फोन बंद करू नकोस. चावीवाल्याला आलंय, तो सांगत नाहीये. आज ना उद्या करेल." पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला. "बसा खाली. पाणी आहे का जवळ?"

"आहे."

"घोटाघोटाने प्या. आणि उद्या सिस्टरांकडे जा, त्यांना सगळं सांगा. त्या रागावतील, रागावू द्या."

चावीवाला दुकानाच्या मागच्या पायरीवर बसला. त्याने पाण्याचा घोट घेतला.

"मला यांच्यासारखं अक्षरांचं बोलता येत नाही," ती म्हणाली. "खिडकीतून दिसतं ते सांगू? चालेल?"

"चालेल, वहिनी."

"समोर एक बाई गॅलरीत चादर वाळत घालतेय. एकटीच आहे, म्हणून एक टोक दातात धरलंय..."

ती सांगत राहिली. चावीवाल्याने न पेटवलेली काडी पायरीवर ठेवली, आणि ऐकत राहिला.

तर मंडळी, उठा आता, वेळ झाली. फक्त एवढं करा. वाटेत एखादी पाटी दिसली आणि तिच्या सगळ्या अक्षरांवर एकसारखी, सरळ रेघ दिसली, तर क्षणभर थांबा आणि पेंटरची आठवण काढा.