पुलाचा ओटा

मी एक जुना लोखंडी रेल्वेपूल आहे. निदान होतो. आता मी कोण, हे मलाच धड कळेनासं झालंय, म्हणून तुम्हालाच विचारतो, मित्रांनो.

लालबुंद खिळे ठोकून मला नदीवर उभं केलं. मालगाड्या गेल्या, माणसं गेली. मुकादम आपली टोळी घेऊन यायचा, हातोड्याने माझा एकेक सांधा वाजवायचा आणि कान देऊन ऐकायचा. गाडी आली की टोळी माझ्या कुशीला काढलेल्या छोट्या ओट्यांवर उभी राहायची. त्या ओट्यांनी किती जीव वाचवले, याची कुठे नोंद नाही.

मग ज्या खाणीचा माल यायचा ती खाण संपली, गाड्या थांबल्या. कोणी सांगायलाही आलं नाही. रूळ उपटून नेले, तेव्हा कळलं. वीस वर्षं माझ्यावर फक्त गवत उगवलं.

आणि एके दिवशी रंगारी आले. फळ्या टाकल्या, निळा रंग फासला. आता लोक सायकलवरून येतात. घाम गाळत टोकापर्यंत जातात आणि तसेच परत फिरतात. सामान नाही, काम नाही. मग येतात कशाला? आणि जीव वाचवायच्या ओट्यावर दाटीवाटीने उभे राहून फोटो काढतात.

एका रविवारी माझा तोच मुकादम, आता निवृत्त, सुनेबरोबर आला. ती या वाटेवर सहली नेते. मागून घंटी वाजली आणि म्हातारा झटकन ओट्यावर चढला.

"बाबा, सायकल आहे ती. गाडी नाही," सून हसली.

"चाळीस वर्षांची खोड आहे. पायांना काय कळतंय?" म्हणता म्हणता त्याने खाली पाहिलं. ओटा त्याच्या पायाखाली बोटभर दबला होता.

त्याने तिच्या पिशवीतला पाना घेतला आणि ओट्याचा सांधा वाजवला. आवाज बद्द आला. मला लाज वाटली, पण खोटं वाजता येत नाही मला.

"परवाच रंगवलंय हो."

"रंग वाजत नाही, पोरी. हा खालून गंजलाय. दोन माणसांसाठी केलेला ओटा आहे हा."

मागून तिच्या सहलीतली बावीस मुलं येत होती. ओट्यावर सगळ्यांचा फोटो हवा, अशी तिला वरून ताकीद होती. ती एकदा सासऱ्याकडे बघे, एकदा मुलांकडे. नोकरीला लागून तिला दोनच महिने झाले होते. मग तिने आपली सायकल ओट्याच्या तोंडाशी आडवी टाकली.

"फोटो नाही. पुढे चला."

"मग आलो कशाला?" एक मुलगी फुरंगटली.

"तक्रार माझ्या नावाने कर. पण चल."

तक्रार झालीच. तिचे साहेब तणतणत आले, म्हाताऱ्याला खोटं पाडायला ओटा कापायला लावला आणि पत्रा स्वतः उलटून पाहिला. खाली सगळा गंजाचा भुगा होता. रंगाची पावती मात्र कार्यालयात सुरक्षित आहे म्हणे.

एक अवयव गेला, याचं दुःख करू की बावीस मुलं घरी पोचली, याचा आनंद? मला ठरवता येत नाही. एवढं मात्र कळतं, मित्रांनो: मला सुंदर म्हणू नका. मला शेवटचं कोणी तपासलं आणि कधी, ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर खुशाल मागे फिरा. मी रागावणार नाही.