पाठमोऱ्या बाईचं वाक्य

डबिंगवर माझं पोट चालतं. आजवर चेटकिणींपासून राण्यांपर्यंत सगळ्यांना आवाज दिला, पण स्वतःच्याच आवाजात स्वतःची बदनामी करायची पाळी कधी आली नव्हती!

पिक्चर दादाचा, माझ्या सख्ख्या भावाचा. "तुझ्याइतकं भरभर दुसरी कोण बोलणार?" म्हणून गळ घातली आणि मी भुलले. एका दिवसाची गोष्ट, सकाळच्या बेलपासून संध्याकाळच्या निरोपापर्यंत नुसते फटाफट संवाद. आजारी बापाला सांभाळायचं कोणी, यावरून बहीण-भावाची जुंपलेली. म्हणजे आमच्याच घरातला तो दिवस! फक्त पडद्यावर मुलगा बापाला भरवतोय आणि मुलगी सारखी घड्याळ बघतेय. अहो, आमच्या वडिलांना, नानांना, वर्षानुवर्षं भरवतेय मी. हा तर त्या दिवशी परतीचं तिकीट खिशात घालून आला होता.

मी हेडफोन काढून आपटला. "हे काय रे दादा?"

"अगं, कथा आहे ती. थोडं इकडचं तिकडं करावंच लागतं."

"थोडं? चोराच्या उलट्या बोंबा आहेत ह्या!"

"ती तू आहेस असं कोण म्हणणार आहे?"

"नाना म्हणतील."

नानांना हल्ली कालचं आठवत नाही. टीव्हीवर दिसेल ते घरात घडलं असंच धरून चालतात. हा पिक्चर लागला की मलाच विचारणार, "मला टाकून का गं गेलीस?" नुसत्या विचारानेच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चिडलीस की आवाज मस्त लागतो तुझा. चल, शेवटचा सीन उरकू," दादा म्हणाला. निर्लज्जपणाची कमाल!

शेवटचा सीन. दारात बहीण-भाऊ, दोघंही पाठमोरे, मध्ये एक बॅग. पलंगावरून बाप बघतोय. मुलगी फक्त एक हुंदका देऊन निघते आणि भाऊ तिला पोचवायला जातो, असं कागदावर होतं. लाल दिवा लागला. मी माइकपाशी सरकले आणि हुंदक्याऐवजी बोलले,

"नाना, दादाला गाडीत बसवून लगेच येते हं. पाणी उशाशी ठेवलंय."

पडद्यावरच्या भावाने वाकून बॅग उचलली. बापाने समजल्यासारखी मान हलवली.

"थांबवा! हे लिहिलेलंच नाही!" दादा ओरडला. "एका वाक्यात अख्खा पिक्चर उलटा केलास!"

"उलटा तू केला होतास."

"ओठ दिसत नाहीत, चपखल बसलंय," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. "ठेवू का?"

"पुसून टाक!"

"पुस," मी म्हटलं. "पण मग दादा, आज घरी मुक्कामाला ये. नानांना तूच भरव आणि तूच समजावून सांग, कोण गेलं आणि कोण राहिलं ते."

दादाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "आज कसं जमेल गं? सातची गाडी आहे माझी."

रेकॉर्डिस्टने एकदा दादाकडे बघितलं, एकदा दारापाशी ठेवलेल्या त्याच्या बॅगेकडे, आणि पुन्हा न विचारता माझं वाक्य ठेवून दिलं.