कढल्याचा हेवा

या मित्रांनो, असे माझ्याजवळ सरकून बसा. आज माझी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. ऐकून हसलात तरी चालेल.

मी एक जुना टोप आहे, जाड बुडाचा. एका शिंप्याच्या घरी रोज भात शिजवतो. देवाने अन्नाची सेवा दिली, आणखी काय हवं, असं मी मनाला समजावत असे. पण शेजारच्या खिळ्यावर फोडणीचं कढलं लटकलेलं असायचं, आणि ते दिसलं की माझ्या सगळ्या शहाणपणाची वाफ व्हायची. मी अर्धा तास आगीवर, ते जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात त्याच्या लसणाचा वास जिन्यापर्यंत जाई आणि शेजारीण दारातून विचारी, काय गं घातलंस कढल्यात? टोपात काय आहे, हे तिने जन्मात विचारलं नाही.

एकदा म्हातारे शिंपीबाबा तापातून उठले, ते तोंडाची चव गमावूनच. डॉक्टरांनी सुनेला बजावलं, चार दिवसांत पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल. सून बिचारी भरपूर पाण्यात तांदूळ उकळायची, पाणी ओतून टाकायची आणि त्या अळणी भातावर कढल्यातली फोडणी घालायची. बाबा वरचे चार घास खात आणि ताट सरकवत. खरं सांगतो, ताट परत आलं की मला गुदगुल्या व्हायच्या. बघा म्हटलं तुमच्या लाडक्याची करामत. माणूस वाळत चालला होता आणि मी कढल्याची फजिती पाहत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या थोरल्या बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई, आल्या. कारखान्याच्या खानावळीत त्यांनी तीस वर्षं भात रांधलेला. उरलेलं ताट पाहून त्या सुनेला म्हणाल्या, "अगं, वरून अत्तर शिंपडून काय होतंय? दाणा आतून उपाशीच आहे."

त्यांनी कांदा, लसूण, तेजपान, दोन लवंगा कढल्यात परतल्या आणि ते कढलं थेट माझ्यात उपडं केलं. माझ्या पोटात माझ्या वैऱ्याची फोडणी. अंगाचा असा तिळपापड झाला, की वाटलं, सगळं करपवून टाकावं. नाव त्याचंच खराब होईल. इतक्यात धुऊन निथळलेले तांदूळ आत पडले. ते हलक्या हाताने परतताना आत्याबाई पुटपुटल्या, "खाऊ दे रे देवा माझ्या भावाला."

करपवायचा विचार मी तिथेच सोडला. भाज्यांच्या देठांचं उकळतं पाणी आलं, मीठ आलं, झाकण बसलं, आच मंद झाली. ती आच मी कडेपर्यंत सारखी वाटत राहिलो. एक शीत बुडाला लागू दिलं नाही.

बाबांनी वरचा एक घास खाल्ला, मग तळाचा घेतला.

"खालीसुद्धा चव आहे गं," ते म्हणाले. "अजून वाढ."

सून म्हणाली, सगळी आत्याबाईंची किमया. आत्याबाई म्हणाल्या, छे गं, तुझं कढलंच गुणी आहे.

खोटं का बोलू, तेव्हाही झोंबलं. पण मग बाबांनी मला जवळ ओढलं आणि कडेची शीतं एकेक करून बोटाने निपटून खाल्ली.

आत्याबाई आता नाहीत. तुमच्या घरी तांदूळ असे परतून शिजतील, तेव्हा झाकण उघडताना त्यांची आठवण काढा. जमलं तर माझीही काढा. कढल्याची नाही काढलीत तरी चालेल, त्याची सगळेच काढतात.