साच्यातला ठोकळा

वेंडेलीनने शेवटचा स्क्रू सोडवला, साच्यातून तळहाताएवढा पोलादी ठोकळा बाहेर काढला आणि फडक्यात गुंडाळून आपल्या जेवणाच्या पिशवीत टाकला. त्याच्या जागी कंपनीकडून आलेला मूळ ठोकळा बसवून त्याने हात पुसले.

"काका, हे बरं नाही," नेली म्हणाली.

"बरं-वाईट मला शिकवू नकोस. कंपनीची ती जर्मन बाई काय तुझ्या हातची हालुश्की खायला येतेय? हुंगायला येतेय ती."

नेली त्याच्या भावाची मुलगी. जर्मनीत मोटारींच्या सीटचे आराखडे काढायची चांगली नोकरी सोडून ती मायदेशी, गेमेरच्या डोंगरातल्या काकाच्या पत्रे वाकवायच्या प्रेसच्या कारखान्यात आली होती. काकाने तसा शब्दच दिला होता : आपण काय जन्मभर दुसऱ्याच्या कागदावरून पत्रे वाकवत बसणार? आराखडेही इथेच काढू. पण आराखडे अजून जर्मनीतूनच येत होते. सीटखालची पट्टी वाकवताना कोपऱ्यात तडकायची, म्हणून नेलीने टूलरूममध्ये, साचे दुरुस्त करायच्या खोलीत, वेगळ्या उताराचा हा ठोकळा बनवला आणि तडे थांबले. तेवढंच काय ते तिचं काम. असंच चाललं तर ती परत जाणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला तर मुळीच जायचं नव्हतं.

वेंडेलीनचा संशय काही हवेतून आलेला नव्हता. पूर्वी एका गिऱ्हाइकाला त्याने हौसेने आपली एक युक्ती दाखवली होती. वर्ष पुरं व्हायच्या आत साचे ट्रकवर चढले आणि आणखी पूर्वेला, स्वस्त मजुरीच्या गावी गेले. साचे गिऱ्हाइकाच्या मालकीचे, तक्रार कुणाकडे करणार? तेव्हापासून पाहुण्याने नुसतं छताकडे पाहिलं तरी हा साच्यावर फडकं टाकायचा. त्यात या कंपनीने जास्तीचा माल करून ठेवायला सांगितलं होतं. साचा हलवण्याआधी, मधल्या काळात माल तुटू नये म्हणून, असंच सांगतात.

आहलर्स बाई आल्या त्या मात्र अगदी साध्या. कॉफी घेतली, प्रेसजवळ उभ्या राहिल्या, पट्ट्या उजेडात धरून पाहू लागल्या. मूळ ठोकळ्यावर पट्टी तडकू नये म्हणून वेंडेलीनने प्रेस मुद्दाम हळू लावली होती, पत्र्यांना तेल हात सैल सोडून फासलं होतं. तरी एक पट्टी तडकलीच. ती त्याने खोकल्याचं निमित्त करून खिशात घातली.

बाई जर्मनमध्ये बोलल्या. वेंडेलीनला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

"विचारतायत, बाकीच्या कारखान्यांत ही पट्टी तडकते, आपल्याकडे का नाही?" नेली म्हणाली.

"सांग, चांगलं तेल, चांगली माणसं आणि देवाची कृपा."

"साच्यात आपण स्वतः काही बदल केलाय का, असंही विचारतायत."

"हे तिने विचारलं, का तुझंच घालतेयस?"

"त्यांनीच."

"आम्ही? छे, छे! कागदावर असेल तसं करतो म्हणावं. आम्ही साधी माणसं."

नेलीने तसं सांगितलं. सांगताना तिला स्वतःची लाज वाटली.

निघताना वेंडेलीन बाईंसाठी बोरोविचका दारूची बाटली आणायला आत गेला. आहलर्स बाई गाडीचं दार उघडून थांबल्या.

"खरंच काही बदल नाही? तुम्ही सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुढच्या सीटच्या पट्ट्यांचे आराखडे काढायचं काम आम्ही बाहेर देणार आहोत. जो कारखाना स्वतः डोकं चालवतो, त्याला. नव्या चाचण्यांसाठी प्रेस मोकळी लागेल म्हणून तर जास्तीचा माल करून ठेवायला सांगितला. मला वाटलं होतं, तो कारखाना हाच."

नेलीचे शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात दारातून काका येताना दिसला, बाटली पोटाशी धरून, टाय सरळ करत. गिऱ्हाइकाच्या साच्याला परवानगीशिवाय हात लावला आणि वर काका तोंडावर खोटं बोलला, हे एकदा कळलं की पट्ट्यांचं कामही राहणार नव्हतं.

"ते म्हणाले तेच," ती म्हणाली.

बाई म्हणाल्या, "मग पट्ट्या इथेच होऊ देत. आराखडे दुसरीकडे देऊ." त्यांनी बाटली घेतली, दोघांशी हात मिळवले आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

"काय म्हणाली?"

"साचा कुठे हलत नाही."

वेंडेलीनने मांडीवर थाप मारली. "बघ! मी म्हणत नव्हतो? रिकाम्या हाताने गेली की नाही!" तो मोठमोठ्याने हसला. मग हसता हसता थांबला.

"मी आत होतो तेव्हा बराच वेळ बोलत होतात तुम्ही दोघी."

"रस्ता विचारत होत्या."

"गाडीत रस्ता सांगणारं यंत्र असताना?"

या पोरीवर वेंडेलीनचा जीव होता, तरीही ती बाईंना गुपित सांगून बसली असेल ही भीती त्याला आवरेना. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. पण टूलरूमची किल्ली थोडे दिवस माझ्याकडे राहू दे."

नेली जुडग्यातून किल्ली काढू लागली. कडी घट्ट होती, नख घालूनही सुटेना. वेंडेलीन हात पुढे करून उभा राहिला.