तासाभराची मोकळीक

शेवगावच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात त्या सकाळी बायडाबाईच्या अंगणात बाजरी पाखडायचं काम चाललं होतं. यशोधरा आली तरी कुणी हातातलं काम सोडलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या मनाच्या आजारांवर एका संस्थेचं संशोधन सुरू होतं आणि त्यासाठी मुलाखती घेत ती गावोगाव हिंडत होती.

"यडी बघायची ना? ती काय तिकडं," बायडाबाईनं सुपानंच गोठा दाखवला.

गोठ्यात म्हशीशेजारी तिची सून राजेश्वरी बसली होती. पायात साखळी, घोटा सोललेला. गेल्या हंगामात उसाच्या फडातच ती बाळंत झाली. मूल काही हाती लागलं नाही. तेव्हापासून ती गप्प झाली, चुलीपाशी उठेना. बाहेरचं लागलंय, असं घरानं ठरवून टाकलं.

"मी सांगतो, तुमी लिवा," तिचा नवरा कल्याण म्हणाला. "एकटीच बडबडती, मारायला धावती. यडी म्हून कागद दिला की आमी सुटलो."

"साखळी काढा आणि सगळे बाहेर जा. एकाचं उत्तर दुसऱ्यानं द्यायचं नाही, असा या मुलाखतीचा नियम आहे."

कागदाच्या आशेनं कल्याणनं कुलूप काढलं.

प्रश्न ठरलेले, त्यांचा क्रमही ठरलेला. नुसत्या 'हो'वर थांबायचं नाही, कारण विचारायचं, ही शिस्त.

"इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज तुम्हाला ऐकू येतात?"

"न्हाई."

"कुणी तुमच्या वाईटावर आहे, असं वाटतं?"

"व्हय."

घाईचा माणूस इथंच वेडाची खूण करून मोकळा झाला असता. यशोधरानं विचारलं, "कशावरून?"

राजेश्वरीनं पाय पुढं केला. "ह्याच्यावरून. अन् ह्यांची दुसरी सोयरीक जमलीय. माज्यासमोरच बोलत्यात. यडीला काय कळतंय!"

"रडू येतं?"

"यायचं. आता न्हाई येत." मग हळूच, "लेकरू कुटं पुरलं, तेबी सांगितलं न्हाई मला."

तासाभरात उलगडा झाला. वेड नव्हतं, औषधानं बरं होणारं नैराश्य होतं. राजेश्वरीला विचारूनच यशोधरानं ते बाहेर येऊन सांगितलं.

बायडाबाईनं सूप आपटलं. "मंग आमी काय वरीसभर झक मारली?"

कल्याणनं साखळी पुन्हा अडकवली.

"आपण माहिती गोळा करणारे," फोनवर संशोधनाचे प्रमुख म्हणाले. "भांडण झालं तर पुढची गावं दारं लावून घेतील." यशोधरा तरीही पोलीस ठाण्यात गेली. "घरगुती मामला आहे, उद्या बघू," असं उत्तर मिळालं.

त्याच संध्याकाळी घरच्यांनी देवऋषी आणला. धुरानं दूध आटेल म्हणून म्हैस आधी बाहेर बांधली. मग दार लावून राजेश्वरीला मिरच्यांची धुरी दिली. आतून ती खोकत हाका मारत होती, आधी नवऱ्याला, मग सासूला. "भूत वरडतंय, वरडू द्या," देवऋषी म्हणाला. बाहेर सगळी गल्ली उभी होती. हाका थांबल्यावर भूत गेलं म्हणून नारळ फुटला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हवालदारानं विचारलं, "मयत वेडी होती ना?" जमलेल्या साऱ्यांनी माना डोलावल्या.

यशोधराचा मोबाईल वाजला. प्रमुखच होते. "आपल्या नोंदींतून तिचं नाव वगळून टाका. संस्थेला यात ओढू नका." तिनं फोन बंद केला.

"माझा जबाब घ्या. ती वेडी नव्हती."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. पण मी तिला विचारलं होतं." ती जमलेल्या गावकऱ्यांकडे वळली. "वर्षभरात तुमच्यातल्या कुणी विचारलं?"

बायडाबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. पदर कोरडाच होता. हवालदारानं नाइलाजानं कोरा कागद पुढं ओढला. यशोधरा खुर्चीवर बसली आणि एकेक प्रश्न, त्याचं एकेक उत्तर, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली.